माळवदावरचें गवत

(वाचन: स्तोत्र १२९, २ राजे, अध्याय १८ व १९, ईयोब, अध्याय २० व २१, स्तोत्र ३७ व ७३)



दुष्टाचे दिवस थोडे आहेत, ही गोष्ट पवित्र शास्त्रांत इतक्या ठिकाणीं सांगितली आहे कीं, ती दाखविण्यास उपदेशकाला फार पानें चाळावीं लागत नाहींत. गवत, भूस, धूर, मेण, स्वप्न, सकाळचें दंव, अशा उपमा स्तोत्रांत व संदेष्ट्यांच्या ग्रंथांत जागोजागीं आढळतात. तथापि ज्या मंडळीपुढें ही गोष्ट सांगावयाची, तींत बसलेल्या एकाचें शेत कर्जाच्या कागदांत गेलेलें असतें. दुसरीचा मुलगा खोट्या फिर्यादींत गुंतलेला असतो. आणि ज्यानें हें केलें तो गांवांत ताठ मानेनें हिंडत असतो व त्याच्या घरावर नवा मजला चढत असतो. अशा ऐकणाऱ्यास दुष्टता क्षणभंगुर आहे असें सांगितलें म्हणजे तो तोंडानें आमेन म्हणतो आणि मनांत विचारतो कीं, हा क्षण किती वर्षांचा?

हा प्रश्न अविश्वासाचा आहे असें कोणी समजूं नये. दावीद स्तोत्र १३ यांत तोच प्रश्न चार वेळां विचारतो. हबक्कूक आरंभींच तो देवापुढें मांडतो. आणि प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायांत वेदीखालीं असलेले रक्तसाक्षी, ज्यांस आतां कोणी मारूं शकत नाहीं, तेहि मोठ्यानें तेंच विचारतात. म्हणून तो प्रश्न दडपून न टाकतां शास्त्र त्याला काय उत्तर देतें, हें या पाठांत पाहूं.

प्रथम स्तोत्र १२९ घ्यावें. यरुशलेमेस सणासाठीं चढून जाणाऱ्या लोकांचीं जीं पंधरा स्तोत्रें आहेत त्यांपैकीं हें एक असून, त्याच्या ओव्या आठच आहेत. पहिल्या अर्ध्या भागांत इस्राएल आपल्या तरुणपणापासूनचा जाच सांगतो. शत्रूंनीं त्याची पाठ शेतासारखी केली, तिच्यावर नांगर घातला आणि लांबच लांब तासें ओढलीं, असा त्याचा भाव आहे. दुसऱ्या अर्ध्या भागांत त्याच शत्रूंस घराच्या छपरावर उगवलेल्या गवताची उपमा दिली आहे. तें गवत वाढीस लागण्यापूर्वींच वाळतें. कापणाऱ्याची मूठ त्यानें भरत नाहीं व पेंढी बांधणाऱ्याची कवळहि भरत नाहीं.

पालेस्तीन देशांत साध्या लोकांचीं घरें सपाट छपराचीं असत. भिंतींवर तुळया, तुळयांवर काटक्या व झुडपें आणि त्यांवर मातीचा थर, अशी ती रचना असे. पाऊस पडल्यावर दगडाचा रूळ फिरवून माती दाबीत. हिवाळ्याच्या पावसानें या मातींत गवत उगवे, आणि वसंत ऋतूंत अरण्याकडून उष्ण वारा सुटला म्हणजे तें एक-दोन दिवसांत करपून जाई. आमच्या घाटावरच्या वाचकांस हें समजाविण्याची गरज नाहीं. आतां स्लॅबचीं व पत्र्याचीं घरें पुष्कळ झालीं, तरी धाब्याच्या घरांत वाढलेल्या वडील माणसांनीं माळवदाच्या पांढऱ्या मातींत मृगाच्या पावसानंतर उगवलेलें गवत पाहिलेलें आहे. तें शेतांतल्या पिकाच्या आधीं हिरवें होतें, आणि उंचावर असल्यामुळें चार घरांवरून दिसतें. पण खालीं माती किती? वीत, दीड वीत, त्याच्याखालीं लाकूड. पावसानें आठ दिवस ओढ दिली म्हणजे शेतांतलें पीक तग धरतें आणि माळवदावरचें गवत पिवळें पडतें. तें कापण्यास विळा घेऊन कोणी शिडी चढत नाहीं.

या उपमेंत काय सांगितलें आहे व काय सांगितलेलें नाहीं, हें नीट पाहावें. गवत हिरवें नाहीं असें स्तोत्रकर्ता म्हणत नाहीं. तें आज सकाळीं किंवा उद्यां दुपारीं वाळेल असाहि वायदा तो करीत नाहीं. मुळास माती नाहीं, एवढेंच तो दाखवितो. शेवटल्या ओवींत आणखी एक गोष्ट आहे. जाणारे-येणारे त्या गवताजवळ थांबून परमेश्वराच्या नांवानें आशीर्वाद देत नाहींत. रूथाच्या दुसऱ्या अध्यायांत बवाज बेथलेहेमाहून शेतांत येतो तेव्हां तो कापणाऱ्यांस परमेश्वराच्या नांवानें अभिवादन करितो व तेहि त्याला आशीर्वाद देतात. ती कापणीच्या दिवसांची रीत होती. दुष्टाच्या वाढीला ती कापणी नाहीं व तो आशीर्वादहि नाहीं.

परंतु पाठीवरच्या तासांचें काय? गवत वाळलें तरी तासें राहतात. आठ ओव्यांच्या या स्तोत्रांत तासें लांब आहेत आणि गवत आंखूड आहे, आणि या दोहोंपैकीं कोणतेंहि खोडलेलें नाहीं. आमच्या भाषेंत नांगराच्या ओळीस तास म्हणतात व साठ मिनिटांच्या काळासहि तास म्हणतात. जो नांगराखालीं आहे त्याचा एक तास कसा जातो, हें त्यालाच ठाऊक.

आतां शास्त्रांतील थोड्या काळाचें माप कसें असतें, याचें एक उदाहरण इतिहासांतून घेऊं. २ राजे, अध्याय १९ याच्या शेवटल्या दोन ओव्या उघडाव्या. ३६ व्या ओवींत अश्शूरचा राजा सन्हेरीब तळ उठवून निघतो आणि निनवे येथें जाऊन राहतो. ३७ व्या ओवींत तो आपल्या दैवताच्या देवळांत पूजा करीत असतां त्याचेच मुलगे त्याला तरवारीनें मारतात. वाचतांना असें वाटतें कीं, राजा घरीं पोहोंचला आणि त्याच आठवड्यांत मेला. रविवारच्या शाळेंत ही गोष्ट तशीच सांगण्यांत येते. परंतु यहूदावरील ती स्वारी इ. स. पू. ७०१ सालीं झाली, आणि सन्हेरीबाचा वध इ. स. पू. ६८१ सालीं झाला. शेजारच्या दोन ओव्यांच्या मध्यें वीस वर्षें आहेत.

त्या वीस वर्षांत तो काय करीत होता? त्यानें निनवे येथें आपला मोठा राजवाडा पुरा केला आणि त्याच्या एका दालनाच्या भिंतींवर यहूदांतील लाखीश नगर जिंकल्याचा देखावा दगडांत कोरविला. ते दगड आज लंडन येथील ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. त्यांत तटाला लावलेले उतार आहेत, खांबांवर टांगलेले मनुष्य आहेत, बैलगाडींत सामानावर बसलेल्या बायका व मुलें आहेत, आणि सिंहासनावर बसून लूट पाहणारा राजा आहे. इ. स. पू. ६८९ सालीं त्यानें बाबेल नगराचाहि नाश केला. आपल्या लेखांत तो यहूदाचीं तटबंदीचीं ४६ नगरें घेतल्याचें सांगतो. शास्त्रहि १८ व्या अध्यायाच्या १३ व्या ओवींत तटबंदीचीं सर्व नगरें घेतल्याचें कबूल करितें. हिज्कीया राजानें त्याला ३०० किक्कार रुपें व ३० किक्कार सोनें दिलें, आणि त्यासाठीं परमेश्वराच्या मंदिराच्या दारांवरचें सोनें काढावें लागलें.

यरुशलेम वांचलें, हें आम्ही आनंदानें सांगतों व सांगावें. पण लाखीश वांचलें नाहीं. देवदूत अश्शूरी तळावर आला त्याच्या आधींच लाखीशच्या गाड्या निघून गेल्या होत्या. आणि ज्या हिज्कीयानें सन्हेरीबाचें पत्र मंदिरांत परमेश्वरापुढें पसरून प्रार्थना केली, तो ३७ व्या ओवीच्या आधींच आपल्या पूर्वजांस जाऊन मिळाला होता. आपल्या शत्रूचा अंत त्यानें डोळ्यांनीं पाहिला नाहीं व कानांनीं ऐकलाहि नाहीं. त्याची प्रार्थना ऐकली गेली. तिचें शेवटलें उत्तर त्याच्या मागें राहिलेल्यांस कळलें.

अश्शूरच्या सर्व राज्याचा हिशेब केला तर तो याहून लांब आहे. शोमरोन पडलें इ. स. पू. ७२२ च्या सुमारास, आणि निनवे पडलें इ. स. पू. ६१२ सालीं. मध्यें ११० वर्षें गेलीं. शोमरोनाहून हांकून नेलेल्या बापाच्या नातवानेंहि बहुधा तो दिवस पाहिला नसेल. पणतूनें पाहिला असेल. नहूम संदेष्टा निनवेच्या पतनाचें भविष्य सांगतो, आणि त्याच्या ग्रंथाच्या अगदीं शेवटल्या ओवींत तो असा अर्थ बोलतो कीं, तुझी दुष्टता ज्याच्यावरून सतत गेली नाहीं असा कोण आहे? सतत हाच त्याचा अभिप्राय आहे. जो दुष्टाचा अंत सांगतो तोच ती दुष्टता अखंड चालली होती हेंहि सांगतो. आणि त्याच्या दोनच ओव्या आधीं त्यानें अश्शूरच्या सरदारांस टोळांची उपमा दिली आहे. थंडीच्या दिवशीं ते कुंपणांवर थवे करून बसतात. ऊन पडलें म्हणजे उडून जातात, आणि ते कोठें गेले हें कोणास सांगतां येत नाहीं.

तसेंच झालें. इ. स. पू. ४०१ सालीं झेनोफोन नांवाचा ग्रीक सेनानी दहा हजार शिपायांच्या परतीच्या वाटेंत त्या ठिकाणावरून गेला. त्यानें प्रचंड तटाचे अवशेष पाहिले व त्यांचें माप लिहून ठेविलें. परंतु ते मेदी लोकांच्या जुन्या शहराचे असावे असें त्याच्या लिहिण्यावरून दिसतें. निनवे हें नांव त्याच्या वर्णनांत नाहीं. जगाला कांपविणारी राजधानी पडून तेव्हां २११ वर्षें झालीं होतीं. पुढें सन १८४२ मध्यें बोटा नांवाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानें मोसुल शहरासमोरच्या टेकाडावर खणण्यास आरंभ केला, आणि सन १८४७ मध्यें लेयार्ड या इंग्रजास तेथें सन्हेरीबाचा राजवाडा सांपडला. लाखीशच्या देखाव्यांत सिंहासनावर बसलेल्या राजाचा चेहरा मुद्दाम फोडलेला आहे. निनवे पडलें तेव्हां शत्रूंपैकीं कोणी तरी तो फोडला असावा, असें विद्वान समजतात. गाडींतल्या मुलांचे चेहरे तसेच आहेत.

त्याच मोसुल शहरांत सन २०१४ च्या जून महिन्यांत इस्लामिक स्टेट म्हणविणारी सशस्त्र टोळी शिरली. जुलै महिन्यांत तेथील ख्रिस्ती लोकांच्या घरांवर अरबी नून अक्षराची खूण करण्यांत आली, आणि शतकानुशतकें तेथें राहिलेलीं कुटुंबें अंगावरच्या वस्त्रांनिशीं बाहेर पडलीं. सन २०१७ च्या जुलै महिन्यांत शहर त्या टोळीच्या हातून सुटलें. तीन वर्षें झालीं होतीं. इतिहासाच्या पुस्तकांत तीन वर्षें ही एक ओळ होय. परंतु त्या कुटुंबांपैकीं पुष्कळ परत आलीं नाहींत. टोळीचे दिवस थोडे होते हें खरें, आणि पाठीवरचीं तासें लांब आहेत हेंहि खरें.

येथें एका मोठ्या सावधगिरीची गोष्ट आली, आणि उपदेशक बंधूंनीं तिकडे विशेष लक्ष द्यावें. दुष्टाचा आनंद क्षणाचा आहे, हें वाक्य शास्त्रांत कोणाच्या तोंडीं आहे? ईयोबाच्या २० व्या अध्यायांत तें सोफराच्या तोंडीं आहे. सोफर फार सुंदर बोलतो. दुष्ट मनुष्य आभाळाला टेंकला तरी नाहींसा होतो, रात्रींच्या स्वप्नासारखा उडून जातो, असें तो सांगतो. त्याचें बोलणें स्तोत्र ७३ मधील आसाफाच्या बोलण्याशीं जवळजवळ शब्दाला शब्द मिळतें. स्वप्नाची उपमा दोघांचीहि एकच. तरी पुस्तकाच्या शेवटीं, ४२ व्या अध्यायाच्या ७ व्या ओवींत, परमेश्वर ईयोबाच्या मित्रांवर रागावतो, कारण ते त्याच्याविषयीं यथार्थ बोलले नाहींत. मग सोफराच्या सिद्धांतांत चूक काय?

सोफर कोणाशीं बोलत आहे, हें पाहावें. समोर राखेंत बसलेला मनुष्य आहे. त्याचीं दहा मुलें मेलीं आहेत व त्याच्या अंगावर फोड आहेत. सोफर त्याला धीर देण्यासाठीं हें बोलत नाहीं. ज्याचें सुख लवकर गेलें तो दुष्टच असला पाहिजे, असें तो सुचवितो; गरिबांस छळल्याचा आरोपहि १९ व्या ओवींत आडून ठेवून देतो. म्हणजे देवानें जी दुःखितांसाठीं उशी केली ती सोफरानें दगड करून दुःखिताच्याच डोक्यांत घातली. आमच्या गांवांतून, घरांत लागोपाठ दोन मृत्यू झाले म्हणजे शेजारी जें कुजबुजतात तें याच जातीचें असतें, आणि मंडळींतले लोकहि त्या कुजबुजींतून अगदींच सुटलेले नाहींत.

ईयोब २१ व्या अध्यायांत त्याला जें उत्तर देतो तें कोणीहि उपदेशकानें गाळूं नये. दुष्ट म्हातारे होतात, ईयोब म्हणतो. त्यांचीं घरें निर्भय असतात, त्यांच्या गाई विततात, त्यांचीं मुलें वाद्यांच्या सुरावर नाचतात, आणि ते सुखांत दिवस घालवून कबरेंत उतरतात. वाटसरूंस विचारा, ते सांगतील, असेंहि तो म्हणतो. देवानें हें बोलणें शास्त्रांतून काढून टाकविलें नाहीं. उलट आपला सेवक ईयोब यथार्थ बोलला, अशी साक्ष दिली. म्हणून गांवांतला जुलमी मनुष्य ऐंशी वर्षांचा होऊन आपल्या खाटेवर शांतपणें मेला, तर कोणाच्या विश्वासाला धक्का बसूं नये. ईयोबानें तो प्रकार आधींच पाहून ठेविला आहे.

मग स्तोत्र ३७ चें काय करावें? तें स्तोत्र एका वृद्ध मनुष्याचें आहे. तो स्वतःच २५ व्या ओवींत आपलें वय सांगतो. रचना इब्री मुळाक्षरांच्या क्रमानें आहे, बहुधा दोन दोन ओव्यांस एक अक्षर, जशीं आजोबा नातवास धुळाक्षरें गिरवावयास लावतात. यांत गवत आहे, धूर आहे, आणि ३५ व ३६ या ओव्यांत एक पसरलेलें हिरवें झाड आहे, जें दुसऱ्या फेरीस शोधूनहि सांपडत नाहीं. पण या सर्व उपमा कशासाठीं आहेत, तें पहिल्या, सातव्या व आठव्या ओवींत तीन वेळां सांगितलें आहे. तेथें इब्री भाषेंत जें क्रियापद आहे त्याचा मूळ अर्थ तापणें, पेटणें असा आहे. दुष्टाची भरभराट पाहून तूं तापूं नको. आठवी ओवी कारण देते: त्या तापण्याचा शेवट दुष्कर्म करण्यांतच होतो.

ही गोष्ट पंचायतींत व कोर्टांत पावलें झिजविलेल्या लोकांस नीट समजेल. ज्याच्यावर खोटी साक्ष आली तो स्वतः खोटा साक्षीदार शोधूं लागतो. ज्याचा बांध कोरला तो रात्रीं दुसऱ्याचा बांध कोरतो. माळवदावरचें गवत जेव्हां वाळावयाचें तेव्हां वाळेल. पण तें पाहून जो आंत पेटला, त्याचें शेत त्याच उन्हांत करपतें.

योनाच्या गोष्टींतहि तेंच क्रियापद आहे. निनवेच्या लोकांनीं पश्चात्ताप केला व देवानें नाश आवरला, तेव्हां योना तापला, आणि देवानें त्याला विचारलें कीं, हें तुझें तापणें बरें आहे काय? योनाला निनवे एका दिवसांत वाळावयास पाहिजे होतें. वाळला तो त्याच्या डोक्यावरचा वेल. एका रात्रींत उगवला व एका रात्रींत गेला. आणि ज्यांस उजवा हात कोणता व डावा कोणता हेंहि कळत नाहीं अशीं १,२०,००० माणसें व पुष्कळ गुरें त्या नगरांत आहेत, हें देवानें योनाला सांगितलें. निनवेला मिळालेली मुदत ही देवाची दया होती. शोमरोनाचा नाश त्या मुदतीच्या आंत झाला. या दोन गोष्टी शास्त्रानें एकमेकींजवळ ठेविल्या आहेत, आणि जो कोणी देवाच्या सहनशीलतेवर बोलतो त्यानें त्या दोन्ही एकत्र वाचाव्या. २ पेत्र ३:९ समजण्यास याहून चांगली वाट आम्हांस दिसत नाहीं.

स्तोत्र ३७ मध्यें आणखी एक गोष्ट पांच वेळां आली आहे: जमीन. ९, ११, २२, २९ व ३४ या ओव्यांत नम्र लोक, देवाची वाट पाहणारे लोक, जमिनीचें वतन पावतील असें वचन आहे. ज्यांच्या वाडवडिलांस कधीं सातबारा मिळाला नाहीं त्यांनीं हें वचन केवळ आत्मिक म्हणून सोडून देऊं नये. इब्री शब्दाचा अर्थ पायाखालची जमीन असाच आहे. प्रभु येशूनें डोंगरावरील प्रवचनांत, मत्तय ५:५ येथें, हेंच ११ व्या ओवीचें वचन घेतलें, आणि तेव्हां त्याच्यासमोर बसलेल्या गालीलकरांपैकीं कित्येक दुसऱ्यांच्या शेतांत मजुरी करणारे होते. तें वचन त्यांच्यापैकीं किती जणांच्या हयातींत पुरें झालें, हें विचारूं लागलें म्हणजे आपण पुन्हां हिज्कीयाच्या व ३७ व्या ओवीच्या मधल्या वर्षांत येऊन उभे राहतों.

आतां आसाफ. स्तोत्र ७३ याच्या आरंभीं तो सांगतो कीं, दुष्टांचें सुख पाहून त्याचा पाय घसरण्याच्या बेतांत आला होता. पण १५ व्या ओवीकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. मनांतलें सर्व तेव्हांच बोलून टाकलें असतें तर आपण देवाच्या लेकरांशीं बेइमान झालों असतों, असें तो तेथें म्हणतो. त्याची शंका खरी होती, परंतु लहानांपुढें ती ओतण्यापूर्वीं तो तिला घेऊन पवित्रस्थानांत गेला. १७ व्या ओवींत तेथेंच त्याला दुष्टांचा शेवट कळला. पवित्रस्थानांत कोणा दुष्टाचा मृत्यु त्याला दिसला नाहीं. बाहेर सर्व काल होतें तसेंच होतें. वेदी, अर्पण, आणि ज्याचा काळ संपत नाहीं त्याची समक्षता, एवढेंच तेथें होतें. त्या समक्षतेंत उभें राहिल्यावर त्याला दुष्टाचें वैभव जाग आल्यावरच्या स्वप्नासारखें दिसलें. स्वप्न पडत असतां तें लांब असतें. तें आंखूड होतें, हें जागा झालेल्याला समजतें.

प्रभूनें स्वतः या मापाचा उपयोग केला. गेथशेमाने बागेंत मशाली व सोटे घेऊन आलेल्यांस तो म्हणतो कीं, ही तुमची घटका आहे व अंधाराची सत्ता आहे (लूक २२:५३). घटका म्हणून तो तिला हलकी लेखीत नाहीं. थोड्याच वेळापूर्वीं त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडला होता. पौल आपल्या संकटास क्षणिक व हलकें म्हणतो (२ करिंथ ४:१७), आणि तोच ११ व्या अध्यायांत हिशेब देतो: पांच वेळां एकोणचाळीस फटके, तीन वेळां छड्यांचा मार, एकदां दगडमार, तीन वेळां जहाज फुटलें. क्षणिक हा शब्द त्याला शोभतो, कारण तो त्यानें आपल्याच पाठीविषयीं काढला. दुसऱ्याच्या पाठीविषयीं काढला नाहीं. स्मुर्णा येथील मंडळीस दहा दिवस क्लेश होईल असें प्रकटी २:१० सांगतें. त्याच मंडळीचा अध्यक्ष पॉलिकार्प पुढें दुसऱ्या शतकांत जाळला गेला. छ्यांशी वर्षें त्यानें ख्रिस्ताची सेवा केली होती, असें त्यानें अधिकाऱ्यास सांगितलें. दहा दिवस संपले नव्हते. तरी ते दहाच होते, मोजलेले होते, आणि मोजणारा रोमी सुभेदार नव्हता.

एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आम्ही गवत व धूर या उपमा शेजाऱ्याला लावावयास फार तत्पर असतों. होशेय ६:४ येथें देव आपल्याच लोकांची भक्ति सकाळच्या दंवासारखी आहे म्हणून खेद करितो. आणि १३:३ येथें दंव, खळ्यावरचें भूस व धूर या उपमा एफ्राइमाला लावल्या आहेत, निनवेला नव्हेत. सणाच्या दिवशीं भरलेलें आणि पेरणीच्या दिवसांत ओसाड पडलेलें प्रार्थनामंदिर ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस याचें स्पष्टीकरण नको.

आतां पाठ चालविणाऱ्यांसाठीं थोडक्यांत सूचना. स्तोत्र १२९ ची तिसरी ओवी सभेंतील एखाद्या वडील शेतकऱ्याकडून वाचवावी, आणि तासें किती लांब असतात हें त्यालाच सांगूं द्यावें. स्तोत्र ७३ दोघांनीं वाचावें, १६ व्या ओवीपर्यंत एकानें व १७ व्या ओवीपासून दुसऱ्यानें. मध्यें थोडा वेळ सर्वांनीं स्तब्ध बसावें, गाणें धरूं नये. २ राजे १९ याच्या ३६ व ३७ या ओव्या वाचतांना फळ्यावर ७०१ व ६८१ हे आंकडे लिहावे आणि वजाबाकी मुलांकडून करवून घ्यावी. ज्या घरीं नुकतें दुःख झालें आहे तेथें हा पाठ नेऊं नये. तेथें ईयोबाच्या मित्रांनीं पहिले सात दिवस जें केलें तें करावें, म्हणजे जमिनीवर बसावें व बोलूं नये. ईयोबाचा २० वा अध्याय सभेंत घेतला तर २१ वा त्याच बैठकींत वाचावा. वेळ कमी पडला तर गाणें एक कमी करावें, पण सोफराच्या भाषणावर सभा उठवूं नये.